बेबाबाईंची बारा पावलं

बेबाबाईंविरुद्धच्या अर्जावर दुसरी सही माझी होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी पहिल्यापासून त्यांच्या बाजूची होते. नव्हते.

मी चारुलता. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि जळगावच्या पिंप्राळ्यात एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. माझ्या बरोब्बर खालचा फ्लॅट मयुरी नावाच्या नर्सने भाड्याने घेतला आणि २०२० च्या फेब्रुवारीत ती आईला घेऊन राहायला आली. सामान थोडं होतं. दोन पत्र्याच्या पेट्या, शेगडी, डबे, गाद्या. आणि एक भला थोरला काळा पियानो.

तो उतरवायला यावलकडचे सहा हमाल आले होते, केळीचे ट्रक भरणारे. घडाला डाग पडू नये म्हणून ट्रकात वाळलेली पानं अंथरतात, तशी त्यांनी पियानोभोवती केळीची पानं गुंडाळून सुतळीने आवळली होती. सगळी कॉलनी बघायला जमली. पुढे एक ठेंगणी, पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचून, हात वर करून हमालांना दिशा देत होती. त्या बेबाबाई. मला वाटलं पियानो मुलीचा असेल.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सगळे घरात कोंडलेले, आणि खालून सकाळ-दुपार एकच आवाज. धुम-धुम, धुम-धुम. जाड, खालच्या पट्टीतला, एखादी मालगाडी पुलावरून सावकाश जावी तसा. थोडा वेळ एकसारखा चाले, मग जरा वर चढे, परत खाली येई. त्यावर गाणं म्हणून काही नाहीच. मी रोज वाट बघायची, की आता चाल सुरू होईल. चाल येतच नव्हती. जूनपर्यंत मला तो आवाज झोपेतही ऐकू यायला लागला. सोसायटीचा चेअरमन हितेंद्र याने अर्ज लिहून आणला तेव्हा मी चष्मासुद्धा न शोधता सही केली.

बैठक गच्चीवर झाली. तोंडाला मास्क, एकमेकांत अंतर. हितेंद्र तसा वाईट माणूस नाही. त्याने समजुतीच्या सुरात सुरुवात केली.

"काकू, आमचं वाजवण्याला काही म्हणणं नाही. पण ते सारखं धुम-धुम कशाला? एखादं भजन शिका, एखादं चांगलं गाणं शिका. आम्हीपण ऐकू."

बेबाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, तुमच्या घरच्या टीव्हीवर कोनती मालिका लावायची, हे मी सांगाले आली का कधी?"

"तसं नाही, पण लोकांना त्रास होतो."

"व्हत असन. त्याले माह्यी ना नही. वेळ तुम्ही सांगा, त्या वेळात वाजवीन. अकरा ते एक म्हना, मी साडेदहाले सुरू नही करनार अन् सव्वाले थांबनार नही. पन काय वाजवायचं ते तुम्ही नही सांगायचं. वेळ तुमची, वाजवनं माह्यं."

"अहो, पण तुम्हाला येतं तरी काय?" तिसऱ्या मजल्यावरचे एकजण बोलले.

"डावा हात येते," बेबाबाई म्हणाल्या. "उजवा शिकून राह्यली."

लोक हसले. मीही हसले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि खाली निघून गेल्या. वेळ मात्र अकरा ते एकच ठरली, आणि त्यांनी ती घड्याळासारखी पाळली.

पुढे टाळेबंदी सैल झाली आणि एका दुपारी त्या माझ्या दारात वाटीभर वरण आणि दोन बट्ट्या घेऊन उभ्या राहिल्या. "ताई, सही केली म्हनून मी रागात नही," म्हणाल्या. "तुम्ही माह्या डोक्यावरच राहता. तुमचं ऐकनं सगळ्यात जास्त." त्या दिवशी मी त्यांना आत बसवलं आणि त्यांची हकीकत पहिल्यांदा ऐकली.

बेबाबाई यावल तालुक्यातल्या. वडील भाईदास नाना केळी लावायचे, आई भिकुबाई सासर-माहेरच्या ओव्या गाण्यात गावात नावाजलेली. लग्न तालुक्यातच झालं. मुलगी झाली, पुढे काही झालं नाही. मयुरी पाच वर्षांची असताना नवऱ्याने मुलग्यासाठी म्हणून दुसरी बाई घरात आणली आणि हिला सांगितलं, तू राहा, काम कर, तुला कोण काढतंय. बेबाबाईंनी मुलीचा हात धरला आणि भुसावळची एसटी पकडली. भाईदास नाना चौथ्या दिवशी समजूत घालायला आले. म्हणाले, बाई, कसंही असलं तरी ते घर आहे.

"मी म्हनलं, नाना, मले घर नको. मले दार पाहिजे, ज्याले मी आतून कडी लावू शकेन."

भुसावळला त्यांनी पोळ्या लाटायची कामं धरली. त्यातलं एक घर ऑब्रे साहेबांचं. हे रेल्वेतले निवृत्त मेल ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन, एकटे. भुसावळमध्ये एकेकाळी अशी बरीच कुटुंबं होती. त्यांच्या शनिवारी नाचाच्या पार्ट्या व्हायच्या आणि तिथे ऑब्रे साहेब पियानो वाजवायचे. बाकीचे एकेक करून परदेशी गेले, हे राहिले. संध्याकाळी पियानोवर बसत आणि स्वयंपाकघरात बेबाबाई भाकरी थापत. पंधरा वर्षं असं चाललं. साहेब बेबाबाईंना 'बेबी' म्हणत आणि रेल्वेच्या हिंदीत बोलत.

एकदा बेबाबाईंनी विचारलं, हे तुमचं गाणं कुणाचं? साहेब म्हणाले, याला ब्लूज म्हणतात. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांनी काढलं.

"मी म्हनलं, कापूस येचनाऱ्याचं व्हय? मंग इतके वर्सं काहून नही सांगितलं? मी तर इंग्रजाचं समजून राह्यली व्हती."

मग २०१५ साली साहेबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावी बाजू गेली. तीन महिने त्यांनी पियानोचं झाकण उघडलं नाही. आणि एक दिवस, बेबाबाई फरशी पुसत असताना, त्यांनी उजव्या हाताने झाकण उचललं आणि म्हणाले, "बेबी, इधर बैठ. तू मेरा लेफ्ट हँड."

बेबाबाईंनी हात पुसले आणि त्यांच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसल्या. साहेबांनी त्यांना बारा पावलं शिकवली. त्यांचा हिशेब बेबाबाईंनी आपल्या शब्दांत बसवून घेतला होता आणि मलाही तसाच समजावला. चार पावलं घरात. मग दोन अंगणात. दोन परत घरात. मग एक थेट रस्त्यावर, एक अंगणात, आणि शेवटची दोन पुन्हा घरात. झाली बारा. परत पहिल्यापासून. डाव्या हाताने एवढंच करायचं, पण डगमगायचं नाही. वरती उजवा हात वाट्टेल तिथे भटको, रडो, भांडो, डाव्याने घर सोडायचं नाही.

"सुरुवातीले बोटं आखडायची. साहेब ओरडायचे, हाथ मत रोको, हाथ मत रोको. चुकली तरी चालन, पन थांबायचं नही."

चार वर्षं त्या दोघांनी मिळून एक पियानो वाजवला. एक हात त्यांचा, एक यांचा. साहेब रोज वेगळं वाजवत. काल वाजवलेलं आज परत मागितलं की म्हणत, वो गाडी गयी. बेबाबाईंना कागदावरचा एक सूर वाचता येत नव्हता, आजही येत नाही. साहेब काय करणार हे त्यांना त्यांच्या श्वासावरून कळायचं.

२०१९ च्या नोव्हेंबरात साहेब गेले. परदेशातल्या भाचीने घर विकलं, पण मामाची चिठ्ठी होती, ती तिने पाळली. पियानो बेबीला. जळगावातले एक क्लासवाले गृहस्थ तो घ्यायला आले. म्हणाले, बाई, तुम्हाला नोटेशन येत नाही, उजवा हात येत नाही, अर्धा पियानो येणाऱ्याने अख्खा पियानो ठेवून काय करायचं? बेबाबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि गेटपर्यंत सोडायला गेल्या.

तर मला वरून ऐकू यायचा तो हा डावा हात. उजव्या बाजूची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. त्या स्टुलावर अजून डावीकडेच सरकून बसत.

मी विचारलं, "मग उजव्या हाताने साहेबांचं का नाही वाजवत? पंधरा-वीस वर्षं ऐकलंय की."

"करून पाह्यलं. साहेबाचं ते साहेबाचं. माह्या बोटात ते उसनं वाटते."

असं दीड वर्ष गेलं. अकरा ते एक. त्याआधी सकाळी चार घरचा स्वयंपाक. माझे कान सरावले. एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर मीच खाली डोकावू लागले.

२०२१ च्या डिसेंबरात मयुरीला बघायला मुलाकडचे आले. मला वडीलधारी म्हणून बोलावलं होतं, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. मुलगा बरा होता. बोलणी जुळत आली. तेवढ्यात मुलाचे काका घसा साफ करून म्हणाले, "एक छोटी गोष्ट. लग्नात मुलीच्या वडिलांना बोलवा. कन्यादान त्यांच्या हातून होऊ द्या. ताई असतीलच, पण जरा मागे. आणि हे घरोघरी स्वयंपाकाचं वगैरे चारचौघांत नको."

मी बेबाबाईंकडे पाहिलं. त्या बश्या गोळा करत होत्या. हात थांबला नाही, पण बश्यांचा आवाज बदलला.

मयुरी म्हणाली, "काका, आईने वीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, त्यावर मी नर्स झाले. पत्रिकेत छापायचं असेल तर हे छापू. लपवायचं असेल तर चहा घ्या आणि निघा."

चहा कुणी घेतला नाही. मुलगा काकांकडे बघत बसला आणि मग उठला. गाडी गेली. मयुरी ड्यूटीवर निघून गेली, रडली असेल तर वाटेत रडली. मी जिना चढून वर आले. साडेबारा वाजले असतील.

आणि खालून ते सुरू झालं. आधी डावा हात, नेहमीचाच, पण आज जोरात, जात्याच्या पहिल्या घरघरीसारखा. चार पावलं घरात. दोन अंगणात. आणि मग वर, दीड वर्ष मोकळ्या राहिलेल्या जागेत, एक सूर आला. एकच. तो थोडा थांबला, वाकला, आणि घसरून दुसऱ्यावर गेला. मी कढईखालचा गॅस बंद केला आणि चप्पल न घालता खाली धावले.

दार उघडंच होतं. बेबाबाई स्टुलाच्या बरोब्बर मधोमध बसल्या होत्या. उजव्या हाताचं बोट काळ्या पट्टीवर पडत होतं आणि तिथून शेजारच्या पांढरीवर घसरत होतं, पुन्हा पुन्हा. तोंडाने त्या बोलत होत्या, गात होत्या म्हणवत नाही.

"नवरा गेला निंघीसन, मी दारात उभी राह्यली. नवरा गेला निंघीसन, मी दारात उभी राह्यली. उभी राहीसन थकली, मंग भाकर टाकाले गेली."

नवरा म्हणजे मघाशी उठून गेलेला तो नवरा मुलगा. पहिली ओळ दोनदा, मग उत्तर. प्रत्येक ओळीनंतर तोंड गप्प, आणि उजवा हात त्या ओळीला उलट जाब विचारल्यासारखा धावून जायचा. कधी चार सुरांत, कधी मूठभर पट्ट्या एकदम दाबून. दुसऱ्या फेरीत काकांची गाडी आली, तिसऱ्या फेरीत काकांचा घसा. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. एक वाजला. त्या थांबल्या नाहीत. ठरलेली वेळ त्यांनी तेवढ्या एकाच दिवशी मोडली, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी कुणी दार वाजवलं नाही.

थांबल्यावर मी म्हटलं, "बेबाबाई, हे परत वाजवा ना."

"ते गेलं ताई. आता दुसरं येईन."

मग बोट काळ्या-पांढऱ्या पट्टीवर ठेवून त्या म्हणाल्या, "हे पाहा. माय ओवी म्हनायची त्यातला सूर ह्या दोघींच्या मधात आहे. अन् ह्या पेटीत मधात काहीच नही ठेवलं. म्हनून मी एकीले धक्का देऊन दुसरीवर पडते. साहेबपन हेच करायचे. मले आज समजलं."

मी दुसऱ्या दिवशीचा आवाज मोबाइलवर टिपला आणि माझ्या भाचीला पाठवला. तिथून तो कुठे कुठे गेला मला माहीत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये धुळ्याहून ललित नावाच्या गृहस्थांचा फोन आला. महिला दिनाचा कार्यक्रम आहे, काकूंना बोलवायचंय. बेबाबाई तयार झाल्या. आम्ही दोघी सकाळच्या एसटीने पारोळ्यामार्गे धुळ्याला गेलो.

कार्यक्रम एका जुन्या क्लबच्या सभागृहात होता. मंचावर फ्लेक्स लागला होता, 'पोळपाटाकडून पियानोकडे'. खाली बेबाबाईंचा फोटो, कुणीतरी त्यात त्यांच्या हाती लाटणं चिकटवलेलं. ललितरावांनी एक नवा कोरा एप्रन पुढे केला.

"काकू, हा घालून मंचावर यायचं. हा की-बोर्ड. एक जुनं सिनेमातलं गाणं आहे, सगळ्यांना माहीत असलेलं. आम्ही ट्रॅक लावतो, तुम्ही फक्त हात फिरवायचे. खरं वाजलं नाही तरी चालेल."

बेबाबाईंनी एप्रन हातात घेतला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. "मी स्वयंपाक करताना एप्रन नही घालत," म्हणाल्या.

नाव पुकारलं गेलं. सूत्रसंचालिकेने 'एक साधी स्वयंपाकीण' असं तीनदा म्हटलं. बेबाबाई की-बोर्डसमोर बसल्या. ट्रॅक सुरू झाला, व्हायोलिनं वाजू लागली, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. बेबाबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पहिलं कडवं गेलं. टाळ्या विरल्या. ललितराव विंगेतून हातवारे करत होते. दुसऱ्या कडव्याला बेबाबाई उठल्या आणि मंच ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात गेल्या.

तिथे भिंतीला लागून चादरीखाली काहीतरी होतं, वर स्पीकरचे खोके. मला ते टेबल वाटलं होतं. त्यांनी मात्र आल्या आल्याच ओळखलं असणार. खोके एकेक करून खाली ठेवले, चादर ओढली. जुना पियानो.

ट्रॅक बंद झाला. ललितराव धावत आले. "काकू, तो बिघडलेला आहे! कित्येक वर्षांत कुणी हात लावला नाही त्याला."

"मंग? मी कोनती नवी आहे?"

बसायला काही नव्हतं. त्या उभ्यानेच वाकल्या आणि आधी सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवून घेतलं. मेलेल्या किती, अडकणाऱ्या किती, हे बघून. डाव्या बाजूला दोन मुक्या होत्या, उजवीकडे चार-पाच. मग डावा हात निघाला. घरातलंच एक पाऊल मुकं, तर तिथे त्यांनी टाच आपटली. धुम-ठक, धुम-ठक. लाकडी मंच घुमला. आणि उजवा हात त्या मेलेल्या पट्ट्यांना वळसे घालत, कधी मुद्दाम त्यांच्यावरच बोट आपटत, नुसता लाकडाचा आवाज काढत निघाला. मी त्यांना तीन वर्षं रोज ऐकत होते. असं कधी ऐकलं नव्हतं.

"साधी म्हनता मले, मी तुमच्या फोटोत बसली. साधी म्हनता मले, मी तुमच्या फोटोत बसली. लाटनं ज्यानं चिकटवलं, त्याले पोळी नही दिसली."

पुढच्या रांगेतले पाहुणे जेवायला उठले. त्यांच्यामागे आणखी बरेच. सूत्रसंचालिकेने माइक हातात घेतला, पण बोलायला जागाच मिळेना. बारा पावलं संपली की लगेच पुढची बारा. अर्धं सभागृह रिकामं झालं. उरलेल्यांत मागच्या रांगांत बसलेल्या, खेड्यांतून आणलेल्या बायका होत्या. त्यांनी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, आणि मला वाटलं, संपलं. मग कळलं, त्या तिसरी ओळ काय येईल याच्या पैजा लावत होत्या. बेबाबाई पंधरा-वीस मिनिटांनी दम घ्यायला थांबल्या तर तिथली एक म्हातारी ओरडली, "ओ बाई, बंद कसाले करतस? वाजाडा ना!"

त्यांनी आणखी वाजवलं.

शाल-श्रीफळ मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत सगळ्यांची नावं होती, यांचं नव्हतं. ललितरावांनी आम्हाला बसस्टँडपर्यंत रिक्षाही करून दिली नाही. स्टँडवर मयुरीचा फोन आला, कसं झालं म्हणून.

"अर्धे लोक निंघून गेले," बेबाबाई म्हणाल्या.

"अगं बाई! मग?"

"मंग काय? अर्धे व्हते ना."

त्या अर्ध्यांत सुंदरबाई नावाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या क्लबच्या विश्वस्त मंडळावरच्या. महिन्याभराने त्यांचा फोन आला. पियानो दुरुस्त करायला माणूस सापडलाय, पण तीन पट्ट्या काही केल्या उठत नाहीत, येणार का? बेबाबाईंनी अटी सांगितल्या. फ्लेक्स नको, एप्रन नको, आणि नाव घेताना नुसतं बेबाबाई म्हणायचं, पुढे-मागे काही लावायचं नाही. सुंदरबाईंनी मान्य केलं.

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी आम्ही धुळ्याला जातो. कधी चाळीस माणसं असतात, कधी अकरा. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा पारा चव्वेचाळिसावर आणि वीज गेलेली. लोक लग्नपत्रिकांनी वारा घेत होते. बेबाबाईंच्या कपाळावरचा घाम पट्ट्यांवर टपकत होता, बोटं सटकत होती, आणि त्या सटकण्यातूनच त्या कुठल्या कुठे जाऊन येत होत्या. मध्ये एक सूटबूटवाले सद्गृहस्थ उभे राहून म्हणाले, "मॅडम, हे झालं, आता एखादं ओळखीचं गाणं होऊ द्या की."

बेबाबाईंनी डावा हात चालूच ठेवला, मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"ते तुमच्या मोबाइलात आहे दादा," म्हणाल्या. "घरी जाईसन ऐका. हे फक्त इथीच आहे."

आणि रस्त्यावरचं पाऊल टाकून अंगणात उतरल्या.